बँकॉकचे दोन विमानतळ, कुरुंद्याची एक मूर्ती

"पॅसेंजरचं नाव बोला," परेरा साहेब फोनवर म्हणाले.

"नाव नाही साहेब. मूर्ती आहे."

"क्या?"

"बुद्धाची मूर्ती. वजन अठरा किलो. तिला सीट पाहिजे."

पलीकडून कपबशीचा आवाज आला. साहेबांनी चहा खाली ठेवला असावा. "पाईकराव, लाकडाचा बॉक्स बनवा, फ्रॅजाइलचं स्टिकर लावा आणि कार्गोत टाका. कशाला डोक्याला ताप?"

"कार्गोत चालत नाही. तो विमानाच्या पोटात असतो. म्हणजे मूर्ती लोकांच्या पायाखाली येते."

"अरे बाबा, पायाखाली कोण बघायला जातंय?"

"मी शब्द दिलाय साहेब."

परेरा साहेब म्हणजे मुंबईतले माझे मोठे एजंट. माझं दुकान हिंगोलीला बसस्टँडजवळ. नव्वदच्या दशकात मी ते टाकलं तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती आणि मी फक्त खाजगी बसच्या सीटा विकायचो. पुढे रेल्वे आली, मग विमान. विमानाचं तिकीट थेट काढायचा परवाना माझ्याकडे नव्हता. गिऱ्हाईक मी आणायचं, तिकीट साहेबांनी काढायचं. धंद्यात याला सब-एजंट म्हणतात. सब-एजंटला दोन्ही बाजूंनी शिव्या बसतात, पण मला सवय झाली होती.

मी स्वतः तोवर विमानात पाय ठेवला नव्हता. वेळापत्रकं वाचायचा मात्र नाद होता. लोक पेपर वाचतात तशी मी वेळापत्रकं वाचायचो, आणि एकदा एखाद्या कामात डोकं घातलं की काढायचो नाही. बायको याला हेकटपणा म्हणते.

ही गोष्ट बँकॉकचा नवा विमानतळ सुरू झाला त्याच्या पुढच्या वर्षीची. कुरुंद्याच्या विहारासाठी थायलंडच्या उपासकांनी बुद्धमूर्ती द्यायचं कबूल केलं होतं. मूर्ती पितळेची, दोन फुटांची. ती थायलंडच्या उत्तरेला चिआंग माई गावी घडली होती. देशाबाहेर न्यायचा सरकारी परवानाही देणाऱ्यांनीच काढून ठेवला होता. मूर्ती आणायला गावातली अकरा माणसं जाणार होती. त्यांच्या पुढारी इंगोले बाई.

सुलोचना इंगोले बाई कुरुंद्याच्या शाळेत तीस वर्षं मास्तरीण होत्या. मी मूळचा कुरुंद्याचा. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं, त्यामुळे त्यांच्यासमोर मी अजून उभाच राहतो. विहारात तोवर नुसती तसबीर होती. मूर्तीसाठी बाई दहा वर्षं पत्रं लिहीत होत्या. आपल्याच भागातले एक भन्ते बँकॉकला शिकायला होते. त्यांच्यामार्फत शेवटी जमलं.

बाई दुकानात आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "प्रकाश, मूर्ती ज्या हातातून मिळंल तिथून विहाराच्या कट्ट्यापर्यंत भुईला टेकवायची न्हाई. कुणाच्या पायाखाली जाऊ द्यायची न्हाई. हातोहात आणायची. जमंल का सांग."

मी जरा वाद घातला. म्हटलं, "बाई, आपल्या धम्मात असलं कर्मकांड बसत नाही. तुम्हीच शिकवलंत."

"कर्मकांड न्हाई रे. मूर्ती पितळेची हाय, खाली ठेवली तर तिला काय होणार हाय?" बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "माझ्या सासूला लोक पाणी द्यायचे ना, ते वरून ओतायचे. ओंजळीत. भाकर टाकायचे ती बी वरून. तिच्या हातात हात लावून कुणी काही दिलं न्हाई. आता कुणीतरी आपल्या हातानं आमच्या हातात काहीतरी द्यायला बसलंय. ते मी पेटीत खिळे ठोकून आणू व्हय?"

मी म्हटलं, जमतं. शब्द गेला तो असा.

परेरा साहेबांशी तीन दिवस भांडल्यावर रस्ता निघाला. विमानात सामानासाठी सीट विकत घेता येते. सतार, वीणा, नाजूक यंत्रं अशीच नेतात. तिकिटावर माणसाच्या नावाच्या जागी 'सीबीबीजी' अशी खूण टाकतात. त्याचा अर्थ एवढाच की या सीटवर सामान बसणार आहे. वस्तू पट्ट्याने बांधायची आणि खिडकीजवळच ठेवायची, म्हणजे कुणाची वाट अडत नाही. मुंबईच्या विमानात मूर्तीला एकतीस ए मिळाली, खिडकीची. शेजारची एकतीस बी मी बाईंच्या नावाने घातली. हे सांगितलं तेव्हा बाईंनी दोनदा विचारलं, "शेजारीच? शेजारीच ना?"

अडचण होती चिआंग माई ते बँकॉक या टप्प्याची.

बँकॉकचा जुना विमानतळ डॉन मुआंग. मी धंद्यात आलो तेव्हा तेवढाच होता. नवा झाला त्याचं नाव सुवर्णभूमी. सगळी विमानं तिकडे गेली, आणि काही महिन्यांतच देशातल्या देशात उडणारी बरीचशी पुन्हा जुन्यावर परतली. म्हणजे एका शहराला दोन विमानतळ. जुना उत्तरेला, नवा पूर्वेला, आणि मधे भरगच्च शहर. मुंबईचं विमान नव्यावरून सुटणार होतं.

परेरा साहेबांनी आखलेल्या बेतात सगळे डॉन मुआंगला उतरणार होते. तिथून व्हॅनने सुवर्णभूमी. "दुपारी दीडला उतरणार, संध्याकाळी साडेसहाला मुंबईचं विमान. पाच तास आहेत. बँकॉक इज बँकॉक," ते म्हणाले. मीही आधी मान डोलावली. देणाऱ्या लोकांपैकी बरेच जण म्हातारे होते. त्यांना चिआंग माईला जाणं जमणार नव्हतं. बँकॉकमध्ये मूर्ती कधी, कुठे येणार, असं त्यांनी भन्तेंना विचारलं होतं. मी भन्तेंना पत्र टाकलं. डॉन मुआंग, दुपारी दीड वाजता. पत्राची प्रत फाइलला लावली आणि विसरलो.

मग मी दोन्ही विमानतळांचा अभ्यास सुरू केला. माहिती कुठली मिळणार? भन्तेंना फोन लावला. ते बिचारे दोन्हीकडे जाऊन घड्याळ लावून चालून आले. मी वहीत लिहून घेतलं आणि रविवारी कुरुंदा गाठलं.

विहारात मी वही उघडली तशा बाई म्हणाल्या, "वाचू नको. फळ्यावर काढ. सगळ्यायला दिसलं पायजे."

फळ्याच्या डाव्या अर्ध्यात डॉन मुआंग काढला, उजव्या अर्ध्यात सुवर्णभूमी. जुना आटोपशीर आहे, आत चालणं थोडं. त्याच्या दोन धावपट्ट्यांच्या मधे चक्क गोल्फचं मैदान आहे. हे सांगितल्यावर मागे बसलेल्या बायकांना खरंच वाटेना. पण तिथे विमान कधी कधी इमारतीपासून लांब उभं करतात. जिन्याने उतरा, बसमध्ये चढा, बसमधून उतरा. पुढे व्हॅन, भर शहरातून एक ते दोन तास. मग नव्या विमानतळावर पुन्हा उतरणं आहेच.

सुवर्णभूमी प्रचंड. काचेचा आणि लोखंडाचा. चालणं पार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वीस मिनिटांचं. मात्र सगळं एका छताखाली. पायऱ्या नाहीत, लिफ्ट आहे, सरकते पट्टे आहेत, रस्ता लागत नाही.

"आता मोज," बाई म्हणाल्या. "मूर्ती कितीदा ह्या हातातून त्या हातात जाईल?"

मोजलं. डॉन मुआंगच्या वाटेने चौदा वेळा, त्यात जिना आणि बसचे धक्के. सुवर्णभूमीत सहा वेळा.

कौसल्याबाई खंदारे पुढे बसल्या होत्या. शेतमजुरी करणाऱ्या, अंगाने काटक. त्याही बाईंच्या विद्यार्थिनी. त्यांनी विचारलं, "ते सामान तपासायचं मशीन असतंय म्हणं. त्याच्या पट्ट्यावर ठेवावं लागंल की. मग?"

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मला विचारलं, "पट्टा किती उंच असतोय?"

"कमरेएवढा."

"मग ती भुई न्हाई. चालतंय."

मग झाली रंगीत तालीम. कुरुंद्यात अठरा किलोंचं ओझं म्हटलं की हळदच. एका लुगड्यात अठरा किलो हळकुंडं तोलून बांधली. विहारापासून बाजाराच्या पटांगणापर्यंत जाऊन येणं म्हणजे सुवर्णभूमीची वीस मिनिटं. मी घड्याळ आणि वही घेऊन मागे. नियम एकच, गाठोडं छातीशी धरायचं आणि खाली ठेवायचं नाही. कौसल्याबाईंनी अकरा मिनिटं नेलं. सुभद्राबाई, अनुसयाबाई, छबूबाई, एकेकीने सहा-सात. सुनीता नावाची मुलगी वसमतला नर्स होती, ग्रुपमध्ये इंग्रजी तिलाच येत होतं. तिनेही पाच मिनिटं काढली. विहाराच्या अध्यक्षांनी तीन मिनिटं नेलं आणि खांदा जुना दुखतोय म्हणाले. बाईंनी दीड मिनिट. त्यांचे गुडघे गेलेले होते. चौथ्या पावलालाच तोंड पांढरं पडलं, पण दीड मिनिट त्यांनी सोडलं नाही. बाजारातली माणसं कामं टाकून बघत उभी राहिली. एकाने विचारलं, "काहून फिरवून राहिले हळद?" कुणीतरी उत्तर दिलं, "बँकॉकला चाललीय."

मी परेरा साहेबांना सांगितलं, सुवर्णभूमीला उतरणारं विमान पाहिजे. अशी मोजकीच विमानं होती, मुद्दाम परदेशी जाणाऱ्यांसाठी ठेवलेली. साहेब चिडले. तरी शोधलं त्यांनी.

"सहा सीट आहेत. फक्त सहा. तुमची माणसं अकरा आणि एक तुमचा सीबीबीजी. घ्यायच्या तर आत्ता घ्या, उद्या याही नाहीत."

मी घेतल्या. एक मूर्तीची, पाच माणसांच्या. उरलेले सहा जण डॉन मुआंगला उतरणार, व्हॅनने सुवर्णभूमीला येणार आणि मुंबईच्या विमानाला सगळे एकत्र. कुणी कुठे जायचं ते ठरवायला पुन्हा विहारात बैठक बसली.

अध्यक्ष लगेच म्हणाले, "अध्यक्ष म्हणून मला मूर्तीसोबत राहावं लागेल. फोटो होतील, पेपरला द्यावे लागतील."

बाई म्हणाल्या, "प्रकाश, वही काढ. मिनिटं वाच."

मी वाचली. अकरा, सात, सात, सहा, पाच. अध्यक्षांचे तीन वाचताना आवाज जरा खाली आला. बाईंचं दीड मी वाचलंच नाही.

"माझं काहून वाचून न्हाई राहिला?" बाई म्हणाल्या. "दीड. पहिलं नाव माझं खोड. मी डॉन मुआंग."

अध्यक्षांचं नावही त्याच यादीत गेलं. मला बाईंसाठी फार वाईट वाटलं. दहा वर्षं पत्रं लिहिली बाईंनी, आणि मूर्तीसोबतच्या पहिल्या विमानात जागा नाही. त्यांना कळलं असावं. "मुंबईच्या इमानात शेजारीच हाय ना मी?" त्या म्हणाल्या. "मग झालं तर."

मी भन्तेंना फोन करून सांगितलं, बाई आणि पाच जण ठरल्याप्रमाणे डॉन मुआंगला दीडला उतरतील, व्हॅन घेऊन या. मूर्ती कुठे उतरणार ते सांगितलं नाही. लपवायचं काहीच कारण नव्हतं, पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त व्हॅन होती.

मूर्ती घेऊन चिआंग माईहून निघायचा दिवस उजाडला. मी सकाळपासून दुकानात फोनजवळ. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ दीड तास पुढे. मी भिंतीवरचं घड्याळच दीड तास पुढे करून ठेवलं, आणि दिवसभर गिऱ्हाइकं बस चुकली समजून पळत होती.

एक वाजता सुनीताचा फोन. "उतरलो भाऊ. मूर्ती कौसल्यामावशीकडे आहे. सगळं फळ्यावर काढलं तसंच आहे." माझी छाती फुगली.

बाईंचं विमान एक तास उशिरा आलं. अडीच वाजता. तरी हरकत नव्हती. धंद्यात एक एमसीटी असतो, म्हणजे एका विमानातून उतरून दुसरं पकडायला कमीत कमी किती वेळ ठेवायचा तो आकडा. मी त्याच्या वर भरपूर ठेवला होता. काउंटर साडेपाचला बंद होणार होता.

सव्वातीनला मी भन्तेंना फोन लावला. "व्हॅन कुठपर्यंत आली?"

"अजून डॉन मुआंगलाच आहोत," भन्ते म्हणाले. त्यांच्या मागे पुष्कळ आवाज होते. "इथे उपासक आलेत. पस्तीस-चाळीस जण. मूर्तीला सोन्याचा वर्ख लावायला."

मला आधी काही समजेना. भन्तेंनी सांगितलं. तिथे मूर्तीला सोन्याचा वर्ख लावायची रीत आहे. मिठाईवर असतो तसला पातळ, बोटाच्या पेराएवढा चौकोन, कागदाच्या घडीत ठेवलेला. मूर्ती गावातून जाताना प्रत्येकाने आपल्या हाताने एक चौकोन चिकटवायचा. ही म्हातारी माणसं डॉन मुआंगच्या बाजूला राहणारी. माझ्या पत्राप्रमाणे बरोबर दीड वाजता तिथे येऊन उभी राहिली होती. त्यातली एक आजी चाकाच्या खुर्चीत होती. आणि मूर्ती पार शहराच्या दुसऱ्या टोकाला.

मी फाइल उघडली. पत्राची प्रत समोरच होती. डॉन मुआंग, दुपारी दीड. खाली सही माझी.

"बाईंना द्या फोन."

बाई फोनवर आल्या. मी म्हटलं, "बाई, निघा. आत्ताच्या आत्ता. पुढे रस्त्यावर गर्दी होईल."

"निघते. पण हे एकेक जण पुड्या देऊन राहिले. मूर्तीला तिकडं लावा म्हणून. सगळ्यायच्या घेऊ दे."

"भन्तेंकडे एकदम गोळा करून द्या आणि गाडीत बसा!"

"प्रकाश," बाईंचा आवाज वर्गातला झाला. "दोन्ही हातानं देऊन राहिलेत रे. माझा हात हातात धरून. मी काय थैली पुढं करू?"

बाईंनी फोन भन्तेंना दिला. पुढचा अर्धा तास त्या प्रत्येकासमोर वाकल्या, प्रत्येकाची पुडी हातात घेतली. अध्यक्ष घड्याळ दाखवत होते म्हणे. व्हॅन पावणेचारला निघाली आणि शहरात अडकली.

पाचला सुनीताचा फोन आला. रडकुंडीला आली होती. "भाऊ, काउंटर बंद व्हायला आला. कौसल्यामावशी रांगेत जाईना. बाई आल्याबिगर न्हाई म्हणते. चार तास झाले, मूर्ती आम्ही हातातच धरून उभ्या आहोत. इथले लोक ट्रॉली आणून देऊन राहिले, तीही घेईना."

मी कौसल्याबाईंना फोनवर यायला लावलं. समजावलं, ओरडलो, हात जोडले. त्या एकच बोलल्या, "प्रकाशभाऊ, मूर्तीसाठी दहा वर्षं पत्रं बाईनं लिहिली. बाईला सोडून मूर्ती न्यायची, ह्याला काय अर्थ हाय?"

मी व्हॅनला फोन लावला. सांगितलं, बाई, तुम्ही पोचत नाही. त्या पाच जणीही आता तुमच्यापायी राहतील. सीबीबीजीचं तिकीट बुडालं तर मूर्ती अडकेल. बाई म्हणाल्या, "तू ठेव. भन्तेंला सुनीताचा नंबर लावायला सांगते."

त्या काय बोलल्या ते सुनीताने मला नंतर सांगितलं. "कौसल्या, चौथीत तुला एकदाच मारलं व्हतं, ऐकलं न्हाई म्हणून. आता काय बँकॉकला येऊन मारू का? मूर्ती घे आणि रांगेत उभी राह्य." कौसल्याबाई रडत रडत रांगेत उभ्या राहिल्या.

साडेसहाला विमान सुटलं. एकतीस ए वर मूर्ती, पट्ट्याने बांधलेली. एकतीस बी रिकामी. पलीकडे एकतीस सी वर कौसल्याबाई. रिकाम्या सीटवरून हात लांब करून त्यांनी मुंबईपर्यंत मूर्तीचा गुडघा धरून ठेवला.

परेरा साहेबांना फोन केला. "नो-शो," ते म्हणाले. म्हणजे तिकीट आहे, पण माणूस हजर नाही. "आणि पाईकराव, डोमेस्टिकचं तिकीट वेगळं, मुंबईचं वेगळं. पहिलं विमान लेट झालं तरी दुसरी कंपनी जबाबदार नाही. एवढे तास कुठे घालवले तुमच्या बाईंनी?"

"चूक बाईंची नाही साहेब. चुकीचं पत्र मी लिहिलं. मला दुसऱ्या दिवशीच्या सहा सीट पाहिजेत, आणि मी फोन ठेवणार नाही."

मी खरंच ठेवला नाही. साहेब मधे जेवून आले, तरी मी लाइनवर होतो. दुसऱ्या दिवशीच्या विमानात सहा जागा मिळाल्या. त्या सहा जणांना वर्खवाल्या उपासकांनीच घरी नेलं.

मूर्ती मुंबईहून नांदेडच्या गाडीने आणि पुढे जीपने, मांडीवर बसून, कुरुंद्याला पोचली. मी वेशीवरच होतो. विहारात कट्टा सारवून, फुलं घालून तयार. सगळे म्हणाले, बसवा आता मूर्ती, किती वेळ धरणार?

कौसल्याबाई म्हणाल्या, "बाई आल्याबिगर टेकवायची न्हाई."

मग फळ्यावरचा डॉन मुआंग पुसला आणि त्या जागेवर पाळ्या लिहिल्या. पंधरा मिनिटांची एक पाळी. मांडी घालून बसायचं, मूर्ती मांडीवर, हात सोडायचे नाहीत. गावातल्या बाया आल्या, पुरुष आले, कॉलेजातल्या मुली आल्या. बाजूच्या तांड्यावरची दोन माणसं हळदीच्या सौद्याला आली होती, त्यांनीही एकेक पाळी मागून घेतली. माझीही एक पाळी झाली. अठरा किलो पंधरा मिनिटं मांडीवर घेतले की पायाला मुंग्या येतात. आयुष्यभर मी लोकांच्या सीटा बुक केल्या, स्वतः सीट व्हायची वेळ पहिलीच.

पुरा एक दिवस असं चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. बाई उतरल्या, दोन्हीकडून दोघींनी धरलं होतं. आत येऊन सतरंजीवर पाय पसरून बसल्या, कारण गुडघे दुमडत नव्हते. कौसल्याबाईंनी मूर्ती आणून त्यांच्या मांडीत दिली. बाईंनी दोन्ही हातांनी धरली. मला रडू आवरलं नाही, आणि आवरायची गरजही वाटली नाही.

मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली. कागदाच्या घड्या, रबराने बांधलेल्या. त्यावर थाई अक्षरांत नावं. त्यांनी मला हाक मारली.

"पहिला तू लाव."

"बाई, मी कशाला? तुम्ही लावा."

"डॉन मुआंगचं पत्र कुणी लिहिलं व्हतं?"

मी पुढे झालो. बाईंनी एक घडी माझ्या हातात दिली, माझा हात हातात धरून. ती चाकाच्या खुर्चीतल्या आजींची होती म्हणे. वर्ख इतका पातळ की श्वासाने हलत होता. तो आधी माझ्या बोटालाच चिकटला, मग कसाबसा मूर्तीच्या उजव्या गुडघ्यावर बसला, तोही वाकडा. बाकीचे बायांनी लावले. मग मूर्ती कट्ट्यावर ठेवली.

यानंतर बरीच वर्षं मी धंद्यात होतो. लंडनला विमानतळ पाच-सहा आहेत, पॅरिसला दोन, टोकियोला दोन. गिऱ्हाईक आलं की मी कागदावर तक्ता काढून द्यायचो. अंतर, वेळ, जिने, लिफ्ट, सामान. बँकॉकच्या वेळीही हेच काढलं होतं, आणि त्यात एकही आकडा चुकलेला नव्हता. फक्त घेणाऱ्यांची सोय मोजली होती, देणाऱ्यांची मोजायची राहिली. म्हणून पुढे तक्त्यात मी एक ओळ वाढवली, 'सोडायला कोण येणार, आणि त्यांना कळवलं का?' लोक हसायचे. म्हणायचे, पाईकराव, सोडायला येणाऱ्यांचं तिकीट थोडंच काढायचंय?

मी म्हणायचो, कुरुंद्याला जा आणि मूर्तीचा उजवा गुडघा बघून या. तो वाकडा चौकोन माझा आहे.